बदनामी कुणाची?

१९९४ साली जळगावचे वासनाकांड उघड झाले. फोटोंची धमकी देऊन मुलींवर अत्याचार चालले होते. गुन्हेगारांचे मोठे हत्यार म्हणजे मुलींच्या मनातली ‘घरी कळले तर?’ ही भीती. आज ते हत्यार मोबाइलमधून चालते आणि त्याला धार आपणच लावतो.

जळगाव-धुळ्यातल्या पालकांनो, लेकरू जेवत नाही, झोपत नाही, सारखे पोट दुखते म्हणते, तेव्हा तपासणी कराच. पण शांतपणे विचाराही. ‘तू तिथे गेलीसच का?’ असे विचारलेत, तर ते पुन्हा बोलणार नाही.

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. लाज गुन्हेगाराला वाटू द्या, तुमच्या लेकराला नको.