एफएमजीई पास, पण सर्जरी अजून लांबच

कडगंची (ता. आळंद) : परदेशात एमबीबीएस करून सर्जन व्हायचंय? मग घरच्यांनी आधी वर्षं मोजावीत. नोव्हेंबर २०२१नंतर प्रवेश घेतलेल्यांना ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिने इंटर्नशिप आणि भारतात आणखी १२ महिने, असा नियम आहे. एफएमजीईत ३०० पैकी १५० गुण हवेत. पण त्याने मिळतो तो प्रॅक्टिसचा रस्ता. एमएस सर्जरीची जागा नीट-पीजीच्या रँकवर, इथं शिकलेल्यांशी स्पर्धा करूनच. पुढे ३ वर्षं. एकही प्रयत्न वाया गेला नाही तरी साडेनऊ वर्षं! शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात सुरू होतो. आळंद-भालकी असो की उमरगा, कर्ज काढताना हिशेब नुसत्या डॉक्टरकीचा नको, सर्जन होईपर्यंतचा धरावा.