लाल झेंडी कोणाच्या हातात?



विज्ञानाची बातमी म्हटली की आपल्यातले बरेच जण पान उलटतात. परंतु एक विषय असा आहे की ज्याचा आपल्या बोगद्याशी, आपल्या गेट-लॉजशी आणि आपल्या छातीतल्या श्वासाशी थेट संबंध आहे. कॉलेजात शिकणारी मुले जिवाणूंमध्ये फेरफार करून त्यांना विषारी वायू ओळखायला शिकवीत आहेत.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत २००३ साली एक छोटा अभ्यासवर्ग सुरू झाला आणि २००४ साली पाच कॉलेजांची स्पर्धा झाली. ‘आयजेम’ नावाच्या या स्पर्धेत आता जगभरातून शेकडो गट उतरतात. आपल्या देशातून मद्रासची आय.आय.टी. आणि पुण्याची आयसर यांचे विद्यार्थीही तेथे गेलेले आहेत. या स्पर्धेतील काही गटांनी कार्बन मोनॉक्साइड हा वायू ओळखण्याचे काम हाती घेतले.

या वायूला रंग नाही, वास नाही. कोळसा, लाकूड, डिझेल अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि दार-खिडकी लावून शेगडीजवळ झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या गेटमन बांधवांना हे सांगायला नको.

निसर्गात चिखल-पाण्यात राहणारा एक जिवाणू आहे, त्याला हा वायू कळतो. त्याच्या शरीरात ‘कूए’ नावाचे प्रथिन असते. त्यातही आपल्या हिमोग्लोबिनप्रमाणे लोहाचा अणू असतो. वायू त्या लोहाला चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ठराविक जनुके चालू होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर केबिनमधला लिव्हर ओढला जातो आणि सिग्नल पडतो. विद्यार्थी काय करतात, तर हा लिव्हर प्रयोगशाळेतल्या साध्या ई. कोलाय जिवाणूत बसवतात आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला रंग किंवा प्रकाश देणारे जनुक जोडतात. जो गुण आपला जीव घेतो, त्याच गुणाचा उपयोग जीव वाचवायला करायचा, अशी ही कल्पना आहे. विशीतल्या मुलांनी असे प्रश्न हाती घ्यावेत याचे कौतुकच केले पाहिजे.

आपल्या धंद्यात या वायूने काय केले ते इटलीत घडले आहे. २ आणि ३ मार्च १९४४ च्या मधल्या रात्री बाल्वानो गावाजवळ ८०१७ क्रमांकाची मालगाडी चढावरच्या बोगद्यात अडकली. युद्धाचे दिवस होते. अन्नधान्याच्या शोधात निघालेली गोरगरीब माणसे त्या गाडीत शेकड्यांनी बसली होती. दोन वाफेची इंजिने, हलका कोळसा आणि न पेलणारे वजन. चाके घसरली, गाडी थांबली, बोगदा धुराने भरला. पाचशेहून अधिक माणसे बसल्या जागी गेली. पुढच्या स्टेशनात गाडी पोचली नाही, तरी कित्येक तास शोध झाला नाही. आपल्याकडे कोकण रेल्वेच्या लांब बोगद्यांत डिझेल गाड्यांसाठी पंखे बसवावे लागले, ते याच धोक्यामुळे. कारबुडेचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे.

मग उद्या प्रत्येक बोगद्यात जिवाणूंची बाटली टांगली की काम झाले काय? नाही. जिवाणूला ऊब लागते, ओल लागते, खाणे लागते. लिव्हर ओढल्यानंतर रंग तयार व्हायला वेळ जातो, आणि दाट वायूत माणसाला तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय बदललेला जिवाणू मोकळा सोडायचा तर १९८९ च्या नियमांनुसार सरकारची परवानगी लागते, आणि ती अट योग्यच आहे. दुसरीकडे, थोड्या वेळात भोंगा वाजवणारी विजेची उपकरणे बाजारात केव्हाचीच मिळतात. म्हणजे आज अडचण धोका ओळखण्याची नाही. ओळखल्यावर काम थांबवणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

भोपाळ आठवा. १९८२ साली राजकुमार केसवानी या पत्रकाराने युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्याबद्दल जाहीर लिहिले होते. तिथल्या कामगारांनीही तक्रारी केल्या होत्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळती प्रथम कळली ती कामगारांच्या डोळ्यांची आग होऊ लागली तेव्हा. त्यांनी वर कळवले. चहा झाल्यावर बघू, असे ठरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. सुमारे ४० टन वायू झोपलेल्या शहरावर गेला. सूचना देणारे होते, त्या सूचनेवर कारखाना थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर डेप्युटी स्टेशन सुपरिटेंडेंट गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. फलाटावर गोरखपूर-मुंबई गाडी माणसांनी भरलेली उभी होती. वरच्या हुकमाची वाट न बघता त्यांनी ती वेळेआधी सोडून दिली. शेकडो जीव वाचले. त्यांचे अनेक सहकारी कामावरच गेले, आणि दस्तगीर स्वतः त्या वायूचे दुखणे सोसत २००३ साली वारले. आपल्या रेल्वेचा हा वारसा आहे.

पोस्टातल्या बांधवांसाठीही एक दाखला आहे. तो वायूचा नाही, पण धडा तोच आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रे टपालाने गेली. सिनेटरांच्या कचेरीत पत्र उघडले गेले, तेथील लोकांची ताबडतोब तपासणी झाली, इमारत बंद झाली. ज्या टपाल केंद्रातून ते पत्र गेले ते मात्र आणखी काही दिवस चालू राहिले. तेथील दोन टपाल कामगार मरण पावले.

आपल्या खात्यात एक जुना आणि शहाणा नियम आहे. रुळाला तडा दिसला तर की-मॅन लाल झेंडी दाखवतो आणि राजधानी असली तरी ड्रायव्हर गाडी थांबवतो. तुझा ग्रेड काय, असे तेव्हा कोणी विचारत नाही. प्रवाशाच्या जिवासाठी जो अधिकार सर्वांत खालच्या कामगाराला दिला, तो त्याच्या स्वतःच्या जिवासाठी का नसावा? भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात कलम आले, पण ते धोका साहेबांच्या कानावर घालण्याचे होते, आणि तेही कारखान्यापुरते. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १५५ क्रमांकाच्या कराराने यापुढचे पाऊल टाकले आहे. जिवावरचा धोका दिसताच जागा सोडणाऱ्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, असे तो सांगतो.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या मागणीपत्रात तीन गोष्टी घालाव्यात. बोगदा, टाकी, गटार, बंद शेड अशा जागी उतरण्याआधी वायूची मोजणी झाली पाहिजे आणि तिची नोंद कामगाराला दाखवली पाहिजे. हे कंत्राटी सफाई कामगारालाही लागू झाले पाहिजे, कारण गटारातील वायूने मरणारा बहुधा तोच असतो. थंडीच्या गेट-लॉजमध्ये कोळशाच्या शेगडीऐवजी सुरक्षित ऊब आणि हवेला वाट मिळाली पाहिजे. आणि भोंगा वाजला की बाहेर येणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये, चार्जशीट निघू नये, हे लेखी मिळाले पाहिजे.

मुलांनी जिवाणूला सिग्नल द्यायला शिकवले. तो सिग्नल पाळला जाईल याची हमी मिळवणे हे युनियनचे काम आहे.