बदली भिडू

पहाटेचे साडेपाच. टोरांटोत संध्याकाळचे सात. तिकडे आईस हॉकीच्या मॅचेस सुरू आणि इकडे पुण्यात मी, एका हातात चहा, दुसऱ्यात मोबाईल. टोरांटोतल्या मावसभावाने त्याच्या ऑफिसच्या फॅण्टसी लीगमध्ये मला ओढलं, कारण बारावा भिडू मिळत नव्हता. हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आयआरचा नियम मात्र फटकन कळला.

आयआर म्हणजे इन्ज्युअर्ड रिझर्व्ह. खऱ्या एनएचएलमध्ये किमान सात दिवस आऊट असलेला खेळाडू त्यात जातो. फॅण्टसीत आपण त्याला आयआरच्या खणात ठेवायचं आणि मोकळ्या जागी बदली भिडू घ्यायचा. गोची पुढे आहे. स्टार बरा झाला की त्याला खणातून काढेपर्यंत अ‍ॅप नवीन कुणालाच घेऊ देत नाही. आणि तो परत आला की कुणाला तरी डच्चू. कुणाला, ते सांगायला नकोच.

माझा बदली फॉर्मात होता. म्हणून बरा झालेला स्टार चार दिवस मी तसाच खणात ठेवला. दादाचा फोन : "ए, चीटिंग नको हं!"

चीटिंग? मी त्याला टॅम्पा बे लाइटनिंग ऐकवलं. २०२०-२१ मध्ये निकिता कुचेरोव्ह कंबरेच्या ऑपरेशनमुळे साखळीतले सगळे ५६ सामने बाहेर. त्याच्या पगाराएवढी सूट मिळाल्याने टीमने सॅलरी कॅपच्या वर खर्च केला. प्लेऑफला तेव्हा कॅपच नव्हती. साहेब पहिल्याच मॅचला हजर! ३२ पॉइंट्स, वर स्टॅन्ले कप. सगळं नियमात. प्लेऑफला कॅप लागायला २०२५-२६ चा मोसम उजाडला.

दादा म्हणाला, "ते ठीक आहे गं, पण तू त्याला का सोडत नाहीयेस?"

खरं सांगू? मागच्या वर्षी एका मासिकात मी सहा महिने बदली होते. मूळची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर. सोमवारी ती बर्फीचा बॉक्स घेऊन आली, सगळे तिच्याभोवती. माझा मग आणि डायऱ्या तोवर कुणीतरी नीट खोक्यात भरून ठेवल्या होत्या. बर्फी मीही खाल्ली. छान होती.

शेवटी काल पहाटे 'ड्रॉप' दाबलं. दोन तासांत त्याला दादाने उचललं. या आठवड्यात माझी मॅच दादाशीच आहे.