समुद्राला सातबारा नाही

विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, किमान वीस मीटर पाण्याखाली ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळपठार आहे. तेथे स्कूबा डायव्हिंगच्या सहली न्याव्यात, ही कल्पना आकर्षक आहे. पण तिचे अर्थकारण तपासलेच पाहिजे. मालवणात किनाऱ्यालगतच्या या व्यवसायात मच्छिमाराची लहान होडी चालते. भर समुद्रात मोठे जहाज हवे, म्हणजेच मोठे भांडवल. साहजिकच नफा भांडवलदाराचा, आणि प्रवाळ नासल्यास घटणाऱ्या मासळीचा तोटा मच्छिमाराचा! न्हावा शेवा परिसरात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या शेतकऱ्यांजवळ निदान सातबारा होता. मच्छिमाराजवळ तोही नाही. म्हणून त्याचा हिस्सा आधी ठरावा. सहलींचा विचार त्यानंतर.