‘नैसर्गिक’ शब्दाला भुलू नका

डबीवर कोरफडीचे चित्र आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की आपण निर्धास्तपणे पैसे मोजतो. आमचे स्पष्ट मत आहे की, डबीची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. बिब्बाही नैसर्गिकच, पण त्याचे तेल अंगाला लागले तर फोड उठतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते.

आपल्या देशातील नियमानुसार प्रसाधनातील घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. नावे लॅटिन वळणाची असतात, त्यांना घाबरू नये. ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी, ‘कोकोस न्यूसिफेरा’ म्हणजे नारळ, ‘अझाडिराक्टा इंडिका’ म्हणजे कडुनिंब. क्रीममध्ये पाणी पहिले असणे हा दोष नव्हे; परंतु चित्र कोरफडीचे आणि तिचे नाव यादीच्या शेपटाला, तर आपण चित्राचेच पैसे देतो. ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे अनेक सुगंधी द्रव्ये असू शकतात. नाजूक त्वचेला त्यांची बाधा पुष्कळदा होते.

घटक न छापलेले, गोरेपणाची हमी देणारे क्रीम तर घरात आणूच नये. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडे बिघडवतो.

नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून दोन दिवस पाहावे. खाज वा लाली आली तर ती वापरू नये. बाजारात भाजी निवडून घेणाऱ्या आमच्या वाचकांना एवढी पारख कठीण नाही.