कडेवरचं कुत्रं

लहान घर, लहान मूल, म्हणून कुत्राही लहानच घ्यावा, असा एक हिशेब अलीकडे आमच्या खानदेशात फार बोकाळला आहे. पूर्वी हा हिशेब मुंबई-पुण्यापुरता होता. तिकडे घरंच अशी की पाहुणा उभा राहिला तर यजमानाला बसून घ्यावं लागतं. त्यांनी पिशवीत मावणारा कुत्रा पाळला तर एकवेळ समजू शकतं. पण आता जळगावच्या रिंग रोडपासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत, ज्या घरात तीन वर्षांचं मूल त्या घरात तीन किलोचा कुत्रा, असं प्रमाणच ठरून गेलंय. साडीवर मॅचिंग ब्लाउज घ्यावा तसा मुलावर मॅचिंग कुत्रा. माझं या हिशेबाशी भांडण आहे. कुत्र्यांशी नाही. असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं.

या पक्षाची मंडळी दोन मुद्दे मांडतात. पहिला मुद्दा, मुलांना भूतदया शिकवता येते. दुसरा मुद्दा, कुत्रा एवढासा आहे, चावून चावून चावणार तरी किती? पहिला मुद्दा संध्याकाळी पाहुण्यांसमोर मांडायचा असतो आणि दुसरा रात्री बायकोसमोर. खरा मुद्दा तिसराच असतो आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. तो असा, की हा कुत्रा उचलता येतो. दुकानात तो तळहातावर ठेवून दाखवतात, घरी तो कडेवर घेतात, आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढायचा तर तो मुलाच्या हातात देतात. उचलता येणं हाच त्याचा सगळा गुण, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की लहान मुलांच्या घरात हाच त्याचा घात आहे.

कसा ते सांगतो. कुठल्याही समजूतदार प्राण्याला (यात मी नवरेही धरतो) त्रास असह्य झाला की तो एक साधी गोष्ट करतो. उठून दुसऱ्या खोलीत जातो. गल्लीतला गावठी कुत्रा पाहा. पोरांनी शेपटी ओढली, तो उठला. कान ओढला, तो ओट्याखाली गेला. तिथंही आले, तर तो पलीकडच्या गल्लीत जाऊन झोपला. भांडण संपलं. आता हेच त्या कडेवरच्या कुत्र्याला करता येतं का? तो उठला की त्याला उचलतात. खाली उतरायला धडपडला की घट्ट धरतात. तोंड फिरवलं की 'कसा लाजतोय बघा' म्हणतात. जांभई दिली, ओठ चाटले, अंग ताठ केलं, म्हणजे कुत्र्याच्या भाषेत जेवढे सभ्य अर्ज करता येतात तेवढे सगळे त्याने केले, की शेवटी तो गुरगुरतो. त्यावर त्याला चापट मिळते. चापट खाऊन खाऊन तो गुरगुरणं सोडून देतो, आणि मग एके दिवशी कसलीही पूर्वसूचना न देता चावतो. लोक म्हणतात, अचानक चावला! अहो, अचानक कसला? दोन महिने तो बिचारा नोटिसा पाठवत होता. तुम्ही टपालच उघडलं नाही.

मूळात हे कुत्रे मुलांसाठी झालेच नव्हते. पग आणि पेकिनीज चीनच्या राजवाड्यांत वाढले. पामेरियनचं नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पामेरानिया प्रांतावरून पडलं. तिथले त्याचे पूर्वज चांगले धिप्पाड होते. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये इटलीतून एक बेताच्या अंगाचा पामेरियन आणला, आणि राणीला आवडला म्हटल्यावर सगळ्या विलायतेत लहानात लहान पामेरियन काढायची चढाओढ लागली. राणीची मांडी, भोवती दासदासी, खाली गालिचा, बाहेर पाऊस. या हवामानात तयार झालेला जीव आपण मे महिन्यात जळगावला आणतो. तिथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि गालिच्याच्या जागी शहाबादी फरशी असते. मांडी साडेतीन वर्षांच्या मुलाची, आणि तीही स्थिर नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोच त्याचा कूलर. पगचं नाकच चेपलेलं, म्हणजे कूलर आहे पण हवा जायला खिडकी नाही. त्याला भर दुपारी गच्चीत पळवणाऱ्या पोरांना काय बोलणार? त्यांना त्यांच्या आईनेच बाहेर पिटाळलेलं असतं.

या बाबतीत जाहिरात आणि सिनेमा यांनी फार नुकसान केलं. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीने क्रिकेटची पंचगिरी केली. त्यानंतर घराघरांतून पांढऱ्या केसाळ कुत्र्याकडून काय काय अपेक्षा व्हायला लागल्या! २००३ मध्ये ती मोबाईल कंपनीची जाहिरात आली, मुलगा पुढे आणि पग मागे. लोकांनी त्यातला पग तेवढा पाहिला. मुलगा पुढे चालतोय आणि कुत्रा आपल्या चार पायांनी मागून येतोय, ही त्या जाहिरातीतली शहाणपणाची गोष्ट कोणी पाहिली नाही.

आता चिवावाकडे येतो, कारण सध्या बोलबाला त्याचा आहे. हा मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या त्याच नावाच्या प्रांताचा. वजन तीन किलोच्या आत. या जातीत अनेकांच्या डोक्यावर एक मऊ जागा असते, जिथे कवटीची हाडं जुळलेली नसतात. साध्या मराठीत सांगायचं तर टाळू भरलेली नसते. माणसाच्या बाळाची टाळू दीड-दोन वर्षांत भरते. यांच्यातल्या काहींची जन्मभर भरत नाही. आता आपल्या घरांत टाळूचं केवढं प्रस्थ असतं ते मी सांगायला नको. बाळाच्या टाळूवर रोज तेल. पाहुणा बाळाला घ्यायला पुढे झाला की तिन्ही बाजूंनी ओरडा, 'मानेखाली हात धरा! टाळू सांभाळा!' आणि त्याच घरात, तीच आजी बसलेली असताना, जन्मभर टाळू न भरणारा एक जीव आपण तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो आणि 'हसा' म्हणून फोटो काढतो.

जळगावच्या आमच्या साडूंकडे असाच एक होता. नाव टायगर. तो टायगर आहे हे साडूंना ठाऊक होतं, त्याला स्वतःला ठाऊक होतं, बाकी कोणाच्या लक्षात येत नसे. धाकटीच्या वाढदिवसाला, दुभत्या शेळीच्या किमतीत, त्याला आणलेला. धाकटी साडेतीन वर्षांची. तिचं त्याच्यावर इतकं प्रेम की तिने त्याला पहिल्या आठवड्यात तीनदा आंघोळ घातली, पावडर लावली, बाहुलीचा झबला चढवला. धाकटीची काही चूक नव्हती. खेळणं म्हणून दिलं, तिने खेळलं. सहाव्या की सातव्या दिवशी टायगर सोफ्यावर तिच्या कुशीत होता, तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि धाकटी 'बाबा!' करत धावली. कुशीत काय आहे ते ती विसरली. दीड हात उंचीवरून टायगर फरशीवर पडला. मी समोर बसलो होतो. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पेन्सिल पडावी तसं झालं. मग मात्र तो जे ओरडला ते तीन किलोच्या कुत्र्याचं ओरडणं नव्हतं.

पुढच्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टर भला माणूस. सगळी हयात बैलांचे खूर आणि म्हशींची अडलेली बाळंतपणं यांत गेलेली, त्याने तो पाय दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "या जातींत हे नेहमीचंच. सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतं." साडू म्हणाले, "मग दुकानदाराने सांगायला नको?" डॉक्टर म्हणाला, "दुकानात सोफा नसतो." प्लास्टर घातलं गेलं. घरी आल्यावर धाकटी दोन दिवस त्याच्याजवळ फिरकली नाही. मोठ्यांपैकी कोणीतरी तिला 'तू टायगरचा पाय मोडलास' म्हणालं होतं. साडेतीन वर्षांच्या पोरीला! मला त्या कुत्र्याच्या पायापेक्षा याचाच जास्त राग आला, आणि अजूनही आहे. भूतदया शिकवायला आणलेला कुत्रा हा असा शिकवतो.

बरं, सोफा टळला म्हणजे सगळं टळलं असंही नाही. लहान मूल घासातला घास देतं, आणि आमच्या खानदेशी ताटात काय असतं? बामणोदच्या वांग्याचं भरीत, त्यात लसूण आणि कांद्याची पात. शेवभाजी, तिच्या रश्श्यात पुन्हा कांदा-लसूण. हे दोन्ही कुत्र्याला विष आहेत, रक्ताच्या पेशी फुटतात. मनुका-द्राक्षंही वर्ज्य, चॉकलेटही. वीस किलोच्या कुत्र्याला भरताचा एक घास कदाचित पचून जाईल. दोन किलोच्या पिल्लाच्या हिशेबात तो घास म्हणजे पंगत. उलट, खायला उशीर झाला तरी पंचाईत. या एवढ्याशा पिल्लांना दर तीन-चार तासांनी खाणं लागतं, नाहीतर रक्तातली साखर उतरून ती लटपटतात, झटके येतात. म्हणजे घरात एक रांगतं बाळ आहे म्हणून तुम्ही दुसरं आणलंत, आणि त्याला तर रडून भूकही सांगता येत नाही.

राहिला तो 'चावणार तरी किती' हा मुद्दा. मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाजवळ असतं, त्यातून कुत्रा कडेवर, म्हणजे चावा गालावर, ओठावर, डोळ्याजवळ. दात लहान म्हणून रेबीज लहान होत नाही. पाळीव असो, विलायती असो, लस टोचलेली असो, चावा बसला की जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. वरून चुना, हळद, तिखट लावणाऱ्या आजीबाई आमच्याकडे अजून शिल्लक आहेत. त्यांचा मान राखून त्यांचा हात धरावा.

मग काय, मुलांच्या घरात कुत्रा नकोच? मी तसं म्हटलेलं नाही. मूल आठ-दहा वर्षांचं होऊ द्या; मग लहान जातीचाही चालेल, कारण तोवर मुलाला 'जमिनीवर बसूनच घ्यायचं' हे वाक्य समजतं. तेवढा धीर नसेल तर गल्लीतला, ओळखीतला, वर्ष-दोन वर्षांचा, स्वभाव माहीत असलेला गावठी घ्या. त्याला लसी टोचा, खायला द्या, आणि त्याला निघून जाता येईल असा एक कोपरा द्या जिथे मुलाने जायचं नाही. अंगावर आखूड केस, आपल्या उन्हात जन्मलेला, पंधरा-वीस किलो वजन. उचलून दाखवा म्हणावं! यालाही मुलाबरोबर एकटं सोडायचं नाहीच. पण याला फुकटात मिळाल्यामुळे घरात प्रतिष्ठा नसते, ही खरी अडचण. शेजारणीने 'कुठल्या जातीचा?' विचारलं की काय सांगणार? आमच्याकडे माणसांच्या बाबतीत हा प्रश्न आता हळू आवाजात विचारतात. कुत्र्यांच्या बाबतीत अजून मोठ्याने विचारतात.

टायगरचं पुढे काय झालं, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. दिवाळीला धुळ्याहून साडूंच्या मावशी आल्या. देवपुरात एकट्या राहतात, वय सत्तरच्या पुढे. प्लास्टरातला टायगर बघून पहिल्यांदा म्हणाल्या, "हाऊ कुत्रा शे का उंदिर?" चार दिवस त्यांनी घरातला सगळा प्रकार पाहिला. पाचव्या दिवशी पिशवी भरताना म्हणाल्या, "पोरले खेळनं ली द्या, कुत्रा मले द्या." साडूंनी बरीच ओढाताण केली, किंमत आठवून पाहिली, आणि दिला. आता तो धुळ्याला असतो. मावशी सोफा वापरत नाहीत, जमिनीवर सतरंजी टाकून बसतात, त्यामुळे पडायचा प्रश्न नाही. त्यांना गुडघ्यांमुळे त्याच्यामागे धावता येत नाही, आणि तो कोणी मागे धावत नाही म्हणून आपणहून मांडीवर येऊन बसतो. दुपारी कूलरसमोर दोघं झोपतात. दारात पोस्टमन आला की मात्र तो खरोखरच टायगर होतो, आणि मावशींना तेवढं पुरतं. माझंही मत असं झालंय की या जाती म्हाताऱ्या माणसांसाठीच आहेत. व्हिक्टोरिया राणीने तो इटलीहून आणला तेव्हा तीही सत्तरीच्या जवळपासच होती.

धाकटी हल्ली ससा मागते आहे. साडूंनी मला फोन करून विचारलं, ससा कसा वाटतो? मी विचारलं, उचलता येतो का? ते म्हणाले, येतो ना, म्हणून तर.