दंश आणि ओलावा

आमच्या एका वाचकभगिनीनें या महिन्यांत दोन प्रश्न धाडले आहेत. ओसरीच्या आढ्याला गांधीलमाश्यांनीं पोळें केलें आहे, काय करावें, हा पहिला. यजमानांना जाऊन तीन वर्षें झालीं, आतां आठवणीनें डोळे भरत नाहींत, ही कृतघ्नता तर नव्हे, हा दुसरा.

पहिल्याचें उत्तर सोपें आहे. पोळें डिवचूं नये. माशी जवळ आल्यास हात झाडूं नयेत, सावकाश दूर व्हावें. चिरडलेल्या माशीच्या विषगंधानें इतर माश्या चवताळतात. मधमाशीची नांगी दंशांतच राहते, हिची राहत नाहीं. म्हणून ही पुनःपुन्हां डसते. दंशावर गार पाण्याची घडी ठेवावी. मात्र श्वास कोंडूं लागल्यास तत्काळ दवाखाना गांठावा.

दुसऱ्या प्रश्नापाशीं आम्ही थबकलों. आमचें कुटुंब निवर्तलें त्यास सहा वर्षें झालीं. पहिल्या वर्षीं तिच्या चष्म्याकडे पाहवत नसे. आज तो पुसून ठेवतांना हात थरथरत नाहीं. पण पुसावयाचा राहतही नाहीं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामाहून गांधीजी १९४६ सालीं गेले, ते परतले नाहींत. तेथें आतां कोणी अश्रु ढाळीत नाहीं. परंतु त्यांची मातीची कुटी जपली जाते, आणि प्रार्थना चालू आहे. भावना आटली असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां तिचें नित्यकर्म झालेलें असतें.

भगिनीनें पत्राच्या शेवटीं सहज लिहिलें आहे कीं, यजमानांनीं लावलेल्या तुळशीला त्या रोज पाणी घालतात. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच पत्रांत होतें.